बिलात हे कसले पैसे लागले? न मागितलेल्या सबस्क्रिप्शनबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मोबाईलचं बिल नेहमीपेक्षा थोडं जास्त येतं, नीट बघितलं तर आत एक ओळ असते जिचा काही अर्थ लागत नाही, आणि रक्कम एवढी छोटी असते की बहुतेक जण भरून मोकळे होतात. मग पुढच्या महिन्यात तीच ओळ परत येते. लोक यावर जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. घाईत असाल तर आधी "आत्ता लगेच काय करू" हा प्रश्न वाचा, बाकीचं नंतर.

हे पैसे माझी मोबाईल कंपनी घेते की दुसरंच कोणी?

दोघंही. सेवा चालवणारी कंपनी वेगळी असते, म्हणजे राशिभविष्य, गेम, वॉलपेपर, व्हिडिओ, क्विझ, क्रिकेट अलर्ट, डेटिंग टिप्स असलं काहीतरी विकणारी. तिच्यात आणि मोबाईल कंपनीत एक मध्यस्थ असतो, त्याला अ‍ॅग्रीगेटर म्हणतात, आणि तो अशा शेकडो सेवा मोबाईल कंपनीच्या बिलिंगला जोडून देतो. पैसे वसूल करते मोबाईल कंपनी, स्वतःचा वाटा ठेवते आणि उरलेले पुढे देते. वाटा किरकोळ नसतो. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने २०१४ मध्ये टी-मोबाईलवर जी तक्रार दाखल केली त्यात कंपनी अशा प्रत्येक वसुलीतले ३५ ते ४० टक्के स्वतःकडे ठेवत होती असं म्हटलं होतं.

या पद्धतीला कॅरियर बिलिंग किंवा थर्ड पार्टी बिलिंग म्हणतात. यात कार्ड लागत नाही, पिन लागत नाही, तुमचा नंबर हेच पैसे द्यायचं साधन होतं. आणि बऱ्याच ठिकाणी ही सोय नंबर घेतला की आपोआप चालूच असते, तुम्हाला कोणी विचारत नाही. माझ्या मते सगळ्या भानगडीचं मूळ इथेच आहे, ज्याला हवी त्याने मागून चालू करून घ्यावी असं असतं तर निम्म्या तक्रारी झाल्याच नसत्या.

मी काहीच घेतलं नव्हतं, मग चालू झालं कसं?

वाटा बऱ्याच आहेत. सगळ्यात जास्त चालणारी म्हणजे जाहिरातीतून उघडणारं पान. व्हिडिओ बघताना किंवा फुकट अ‍ॅपमध्ये काहीतरी समोर येतं, मोठं "पुढे जा" किंवा "प्ले" बटण असतं, आणि दर आठवड्याला किती पैसे जाणार ते अगदी बारीक अक्षरात, फिकट रंगात, स्क्रीनच्या खाली, स्क्रोल केल्याशिवाय दिसणारच नाही असं लिहिलेलं असतं. काही पानांवर तर जाहिरात बंद करायची फुली खोटी असते, ती दाबली तरी होकारच जातो.

दुसरी वाट फोन कॉलची. रेकॉर्ड केलेला आवाज येतो, गाणं ऐकवतो, स्टार किंवा एक दाबा म्हणतो, आणि लोक कॉल तोडायच्या नादात काहीतरी दाबतात. तिसरी, स्क्रीनवर अचानक येणारा चौकोन, सिमच्या मेनूतून किंवा फ्लॅश मेसेजमधून आलेला, ज्यात "ओके" आणि "कॅन्सल" एवढंच दिसतं आणि फोन खिशातून काढताना अंगठा ओकेवर पडतो. चौथी, फुकट ट्रायल, जी संपली की न विचारता पैशाची होते. पाचवी, एखाद्या स्पर्धेत किंवा सर्व्हेमध्ये बक्षीस मिळेल म्हणून नंबर टाकला आणि मग आलेला कोडही तिथे टाकला, तो कोड खरं म्हणजे सबस्क्रिप्शनचा होकार होता आणि मेसेजमध्ये तसं लिहिलेलंही असतं पण कोड शोधताना बाकीचं वाचतंय कोण.

आणि शेवटची, ज्यात माणसाने खरंच काहीच केलेलं नसतं: फोनमधल्या एखाद्या अ‍ॅपने परस्पर केलेलं. त्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

पण मी त्या पानावर नंबर टाकलाच नव्हता! त्यांना कळला कसा?

हा प्रश्न खूप जण विचारतात आणि कस्टमर केअरवाले याचं धड उत्तर देत नाहीत. तुम्ही मोबाईल डेटावर असता तेव्हा तुमचं इंटरनेट मोबाईल कंपनीच्या नेटवर्कमधून जातं आणि कुठल्या सिमवरून काय चाललंय हे तिला माहीतच असतं. ठरवून दिलेल्या काही बिलिंग पानांवर गेलात की नेटवर्क त्या विनंतीला तुमचा नंबर किंवा त्याच्या जागी एखादी खूण स्वतःच जोडून देतं. याला हेडर एनरिचमेंट म्हणतात. म्हणून पानावर "तुमचा नंबर टाका" असं येतच नाही, थेट बटण येतं आणि एका टचवर काम होतं.

म्हणजे वायफायवर असताना होत नाही?

वर सांगितलेली एका टचची पद्धत वायफायवर चालत नाही, कारण मध्ये मोबाईल नेटवर्क नसतं. तिथे नंबर टाकून ओटीपी द्यावा लागतो. पण कॉल, मेसेज आणि सिमच्या चौकोनातून लागणारी सबस्क्रिप्शन वायफाय चालू असलं तरी लागू शकतात.

बिलात हे शोधू कुठे?

पहिल्या पानावरच्या एकूण रकमेवर काही कळणार नाही, सविस्तर बिल काढा, बहुतेक कंपन्यांच्या अ‍ॅपमध्ये पीडीएफ मिळतं. त्यात थर्ड पार्टी, प्रीमियम एसएमएस, डायरेक्ट बिलिंग, कंटेंट, व्हॅल्यू अ‍ॅडेड सर्व्हिस किंवा नुसतं व्हीएएस, मंथली सबस्क्रिप्शन, युसेज चार्जेस अशा नावाच्या ओळी बघा. नावं मुद्दाम मोघम असतात की सवयीने, ते सोडून द्या, पण त्यावरून सेवा कसली ते कळत नाही हे खरं. ओळीपुढे शॉर्ट कोड, म्हणजे त्या सेवेचा पाच-सहा आकडी छोटा नंबर, असेल तर तो लिहून ठेवा, नंतर तोच सगळ्यात उपयोगी पडतो. आणि एक बिल बघून थांबू नका, मागची जेवढी मिळतील तेवढी उघडा, कारण ही ओळ पहिल्यांदा दिसली म्हणजे पहिल्यांदा आली असं नसतं.

माझं प्रीपेड आहे, बिलच येत नाही. मग?

प्रीपेडमध्ये हे लपायला जास्त जागा आहे. मेन बॅलन्समधून पैसे जातात, एक मेसेज येतो, तो जाहिरातींच्या ढिगात हरवतो. बॅलन्स कमी असेल तर सिस्टीम थांबत नाही, परत परत प्रयत्न करते, काही सेवा पूर्ण आठवड्याचे पैसे नसतील तर एका दिवसाचे घेतात. रिचार्ज केल्या केल्या थोडे पैसे गायब होतात त्याचं कारण बऱ्याचदा हेच, आधी अडकलेली वसुली पैसे दिसताच पूर्ण होते.

अ‍ॅपमध्ये बॅलन्सचा हिशोब म्हणजे ट्रान्झॅक्शन हिस्टरी असते ती बघा. नसेल तर मागा. भारतात ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, २०१२ च्या ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे प्रीपेडवाल्यालाही मागच्या सहा महिन्यांतल्या वापराचा आयटमवार हिशोब मागता येतो, हे फार कमी लोकांना माहीत असतं.

डेटा जास्त वापरला गेला म्हणून बिल वाढलं असेल असंही होऊ शकतं ना?

हो, आणि दोन्ही गोष्टींवर इलाज वेगळा आहे म्हणून आधी हे वेगळं करा. डेटाच्या ओळीत एमबी किंवा जीबी लिहिलेलं असतं. सबस्क्रिप्शनच्या ओळीत आकारमान नसतं, एकच ठराविक रक्कम असते आणि ती ठराविक दिवसांनी परत येते. आठवड्याला तीच रक्कम दिसली तर तो डेटा नाही. डेटाचं बिल कमी करायला डेटा बंद करता येतो, सबस्क्रिप्शनला त्याने काही फरक पडत नाही, ते तुम्ही काही वापरा न वापरा, लागतच राहतं.

राउटरमधल्या सिमवर सबस्क्रिप्शन लागलंय, हे कसं शक्य आहे?

डोंगल, राउटर, टॅबलेट यातल्या सिमलाही नंबर असतो आणि बिलिंगची सोयही बऱ्याचदा चालू असते. घरातलं कोणीही त्या राउटरच्या वायफायवर काही उघडतं, राउटरचं इंटरनेट मोबाईल नेटवर्कवरूनच चालतं, त्यामुळे वर सांगितलेली एका टचची पद्धत इथे लागू पडू शकते आणि पैसे राउटरच्या नंबरवर लागतात. सूचना देणारे मेसेजही त्याच सिमवर येतात जे कोणी कधी बघत नाही. राउटरच्या सेटिंगच्या पानावर लॉगिन केलं की बहुतेक मॉडेलमध्ये मेसेजचा इनबॉक्स असतो, एकदा उघडून बघा. अशा सिमवर थर्ड पार्टी बिलिंग चालू ठेवायचं मला तरी एकही कारण दिसत नाही, पहिल्याच दिवशी बंद करायला सांगा.

आत्ता लगेच काय करू?

आधी पुरावा, मग बंद करणं. बिलाचा, मेसेजचा, शॉर्ट कोडचा स्क्रीनशॉट घ्या, मेसेज डिलीट करू नका. मग मोबाईल कंपनीच्या अ‍ॅपमध्ये चालू सेवांची यादी बघा आणि तिथून ते सबस्क्रिप्शन बंद करा, नाही सापडलं तर कस्टमर केअरला फोन. फोनवर तीन वेगवेगळ्या गोष्टी मागायच्या आणि तिन्ही वेगवेगळ्या बोलून दाखवायच्या, कारण एक केली की ते फोन ठेवतात: हे सबस्क्रिप्शन बंद करा, या नंबरवर थर्ड पार्टी बिलिंग (बाहेरच्या कंपन्यांचे पैसे बिलात लागायची सोय) पूर्ण बंद करा, आणि आतापर्यंत गेलेले पैसे परत द्या. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. त्यानंतर तेच सगळं ईमेलने किंवा अ‍ॅपमधल्या चॅटने लेखी पाठवा, चॅटचाही स्क्रीनशॉट.

दुसरी मागणी सगळ्यात महत्त्वाची आणि नेमकी तीच लोक विसरतात. एक सबस्क्रिप्शन बंद केलं म्हणून पुढचं लागणार नाही असं काही नसतं.

स्टॉप असा मेसेज पाठवू का? पाठवला तर नंबर चालू आहे हे त्यांना कळतं म्हणतात.

दोन्ही बरोबर आहे, फक्त वेळ वेगळी. ज्या शॉर्ट कोडकडून तुमच्या बिलात खरंच पैसे लागलेत त्याला स्टॉप पाठवा, ब्रिटनसारख्या बऱ्याच देशांत हा मान्य मार्ग आहे. नुसता फालतू मेसेज आलाय, पैसे गेलेले नाहीत आणि पाठवणारा पूर्ण लांबीचा अनोळखी नंबर आहे, तर उत्तर देऊ नका, ब्लॉक करा. आणि त्या मेसेजमधल्या "बंद करण्यासाठी इथे क्लिक करा" लिंकवर तर अजिबात नको, बंद करायचं ते मोबाईल कंपनीकडूनच.

अ‍ॅप डिलीट केलं तरी पैसे जातच आहेत.

अ‍ॅप काढल्याने सबस्क्रिप्शन थांबत नाही. गूगल प्ले किंवा अ‍ॅपलच्या स्टोअरमधून घेतलेलं असेल आणि पैसे मोबाईल बिलात लागत असतील तर ते त्या स्टोअरमध्ये जाऊनच बंद करावं लागतं. अँड्रॉइडवर प्ले स्टोअर उघडून प्रोफाइलच्या फोटोवर टच करा, पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्समध्ये यादी आहे. आयफोनवर सेटिंग्जमध्ये वर स्वतःच्या नावावर, मग सबस्क्रिप्शन्स. घरात एकापेक्षा जास्त अकाउंट असतील तर प्रत्येकातली यादी बघा, मुलांच्या टॅबलेटवर वेगळंच अकाउंट असतं आणि बिल मात्र तुमच्या नंबरवर येतं.

फोनमध्ये व्हायरस असेल का?

असू शकतो, विशेषतः अँड्रॉइडवर. जोकर नावाचा एक मालवेअर, म्हणजे नुकसान करायला बनवलेलं सॉफ्टवेअर, आहे, गूगल त्याला ब्रेड म्हणतं, २०१७ पासून त्याच्यावर लक्ष ठेवलंय आणि जानेवारी २०२० मध्ये गूगलने सांगितलं की त्या कुटुंबातली सुमारे १,७०० अ‍ॅप प्ले स्टोअरवर लोकांनी डाउनलोड करायच्या आधीच पकडून काढली. ही अ‍ॅप दिसायला साधी असतात, वॉलपेपर, कीबोर्ड, फोटो सजवणारं असं. मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा टीमने २०२२ मध्ये अशा मालवेअरचं काम कसं चालतं ते सविस्तर लिहिलं होतं: आधी वायफाय बंद करायचं किंवा फोन मोबाईल डेटावर जायची वाट बघायची, मग मागच्या मागे बिलिंगचं पान उघडून बटण स्वतःच दाबायचं, ओटीपी आला तर तो वाचून भरायचा आणि सूचना दिसू नये म्हणून तीही दाबून टाकायची. म्हणजे फोन टेबलावर पडलेला असताना सबस्क्रिप्शन होतं आणि रेकॉर्डमध्ये "ग्राहकाने कन्फर्म केलं" असं दिसतं!

ओळखायचं कसं, तर एखादं साधं अ‍ॅप मेसेज वाचायची किंवा नोटिफिकेशन बघायची परवानगी मागत असेल तर ते का, हे विचारा. टॉर्चला मेसेज वाचायचं काही काम नाही. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्सच्या स्पेशल अ‍ॅक्सेसमध्ये "प्रीमियम एसएमएस" अशी एक जागा असते, तिथे कुठल्या अ‍ॅपला परवानगी आहे ते दिसतं. प्ले स्टोअरमधलं अ‍ॅप तपासणारं प्ले प्रोटेक्ट चालू ठेवा, नको ती अ‍ॅप काढा, आणि मगच नंबरवरचं सबस्क्रिप्शन बंद करा, नाहीतर ते अ‍ॅप परत लावेल.

कंपनी म्हणते, तुम्हीच कन्फर्म केलंय, आमच्याकडे रेकॉर्ड आहे.

मग रेकॉर्ड दाखवा म्हणायचं. शांतपणे, लेखी. सेवा देणाऱ्याचं पूर्ण नाव, होकार कधी दिला त्याची तारीख आणि वेळ, कुठल्या मार्गाने म्हणजे वेब, मेसेज, कॉल की अ‍ॅप, दुसऱ्यांदा कन्फर्म कसं झालं, त्या वेळी पडद्यावर नक्की कोणतं पान होतं आणि त्यावर किंमत कुठे लिहिली होती. "सिस्टीममध्ये अ‍ॅक्टिव्ह दिसतंय" हा होकाराचा पुरावा नाही, तो फक्त वसुली चालू आहे याचा पुरावा आहे. वेळ मिळाली की ती तपासा, पहाटे तीनला चालू झालेलं असेल तर तेवढ्यावरच तुमची बाजू मजबूत होते. सेवा एकदाही उघडून वापरली आहे का हेही विचारा, बऱ्याचदा वापर शून्य निघतो.

इथे एक मनापासून सांगायचंय. घरातली वयस्कर माणसं या उत्तरावर गप्प बसतात, आपल्याच हातून काही दाबलं गेलं असेल असं म्हणून लाजतात. बारीक अक्षरं आणि खोटी फुली लावून घेतलेला होकार हा होकार नसतो, त्यात दाबणाऱ्याची चूक धरू नका.

"आम्ही फक्त बिल करतो, त्या कंपनीशी तुम्ही बोला" असं म्हणाले तर?

मान्य करू नका. हे म्हणणं अनेक देशांत टिकलेलं नाही. अमेरिकेत अशा वसुलीला क्रॅमिंग म्हणतात, तिथे टिप्स आणि राशिभविष्याच्या मेसेजसाठी लोकांना साधारण महिना ९.९९ डॉलर लागत होते. २०१४ मध्ये एटी अँड टीने १०.५ कोटी डॉलरवर आणि टी-मोबाईलने किमान ९ कोटी डॉलरवर प्रकरण मिटवलं, २०१५ मध्ये व्हेरायझनने ९ कोटी आणि स्प्रिंटने ६.८ कोटी. यातला मोठा भाग ग्राहकांच्या रिफंडसाठी होता. ऑस्ट्रेलियात तिथल्या ग्राहक आयोगाच्या दाव्यावर फेडरल कोर्टाने २०१८ मध्ये टेल्स्ट्राला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला, पुढच्या वर्षी ऑप्टसलाही तेवढाच. हे सगळे बिल करणारे होते, मेसेज पाठवणारे नव्हते. पैसे ज्याने तुमच्याकडून घेतले त्याच्याकडेच मागायचे.

नियम काय आहे?

देशानुसार बदलतो, पण बऱ्याच ठिकाणी गाभा एकच, होकार दोनदा घ्यायचा. भारतात ट्रायने जुलै २०१३ मध्ये आदेश काढला की व्हॅल्यू अ‍ॅडेड सेवा चालू करायला दुहेरी कन्फर्मेशन हवं, आणि बंद करायला १५५२२३ हा सगळ्या कंपन्यांसाठी एकच टोल फ्री नंबर ठरवून दिला. मोबाईल डेटा चालू-बंद करायला १९२५. तक्रारीला आधी कंपनीचं तक्रार केंद्र आणि तिथे समाधान झालं नाही तर त्याच कंपनीतलं अपील प्राधिकरण, अपिलाला पैसे लागत नाहीत. ब्रिटनमध्ये हे काम १ फेब्रुवारी २०२५ पासून थेट ऑफकॉम या तिथल्या दूरसंचार नियामक संस्थेकडे आलंय, त्याआधी वेगळी संस्था होती. दक्षिण आफ्रिकेत वास्पा ही या धंद्यातल्या कंपन्यांचीच संघटना आहे, पण तिची आचारसंहिता आहे आणि ग्राहकाची तक्रार घेते.

बिल भरूच नको का?

पूर्ण बिल अडवू नका, कनेक्शन तुटलं तर त्रास तुम्हालाच. जेवढ्यावर वाद आहे ती रक्कम वेगळी काढा, बाकीची भरायची तयारी आहे असं लेखी कळवा आणि वादातली रक्कम तक्रार संपेपर्यंत बाजूला ठेवा असं मागा. ऑटो पे असेल तर पैसे आधीच गेलेले असतात, मग रिफंड मागायचा.

रिफंड किती मागचा मिळतो?

पहिल्या फोनवर बहुतेक वेळा शेवटच्या एक-दोन वसुल्यांवर बोळवण होते. थांबू नका, पहिल्या दिवसापासूनची यादी करून एकूण रक्कम सांगा. होकाराचा पुरावा नसेल तर पहिली वसुली आणि शेवटची वसुली यात काहीच फरक नाही. रिफंड पुढच्या बिलातून वजा करणार की खात्यात, आणि किती दिवसांत, हे लिहून घ्या.

नंबर नवीन घेतलाय, आणि पहिल्याच महिन्यात सबस्क्रिप्शन?

बंद झालेले नंबर काही काळाने दुसऱ्याला दिले जातात, कधीकधी आधीच्या माणसाची सेवा नीट सुटलेली नसते. सिम घेतल्याची तारीख दाखवली की हा वाद लवकर मिटतो.

थर्ड पार्टी बिलिंग बंद केलं तर बँकेचे ओटीपी पण बंद होतील का?

ओटीपीचा मेसेज फुकट असतो, त्याने तुमच्याकडून पैसे जात नाहीत, म्हणून पैसे लागणारी बिलिंग बंद केल्याने तो अडायला नको. फक्त मागताना शब्द नीट वापरा: "पैसे लागणाऱ्या सेवा बंद करा" म्हणा, "सगळे शॉर्ट कोड बंद करा" म्हणू नका, कारण ओटीपीही शॉर्ट कोडवरून येऊ शकतात. मेसेजने देणगी, टीव्हीवरच्या कार्यक्रमात पैसे लागणारं मतदान, मोबाईल बिलातून अ‍ॅप खरेदी एवढं बंद होईल.

रिफंड देतो म्हणून एकाचा फोन आला, ओटीपी मागतोय.

ठेवून द्या. पैसे परत करायला ओटीपी लागत नाही, यूपीआय पिन लागत नाही, स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप तर नाहीच. सर्चमध्ये वर आलेला कस्टमर केअर नंबरही खोटा असू शकतो, नंबर बिलावरचा किंवा कंपनीच्या अ‍ॅपमधलाच घ्या.

एकदा ब्लॉक केलं की कायमचं ना?

धरून चालू नका. प्लॅन बदलला, प्रीपेडचं पोस्टपेड केलं, नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट केला की सेटिंग पुन्हा पहिल्यासारखी होऊ शकते. असं काही केलं की त्याच दिवशी परत ब्लॉक मागा आणि पुढच्या बिलात तपासा. घरातल्या बाकीच्या नंबरांवरही एकदा बसून करून टाका, राउटरच्या सिमसकट.